मठाच्या दाराची आतली किल्ली

मी कुलपं दुरुस्त करते. बाईमाणूस आणि कुलपं, म्हणून तोंड वाकडं करणारे पुष्कळ भेटतात. स्वतःच्याच घराबाहेर अडकले की तेच मग ताई ताई करत येतात.

त्या सकाळी मात्र मी फादरांशी भांडायला गेले होते. आमच्या चर्चला आणि त्याला लागून असलेल्या सिस्टरांच्या मठाला तीनशे वर्षं झाली म्हणून फादर दोन्हींचा इतिहास लिहीत होते, आणि पुस्तक दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होतं. त्यात युद्धाच्या वर्षाचं एक पान होतं. सैनिक मठात शिरले, धान्य आणि चांदीची भांडी घेऊन गेले. 'चर्चच्या रखवालदाराने त्यांना दार उघडून दिले.' हा रखवालदार म्हणजे माझे आजोबा. सत्तर वर्षं झाली, अजून गावात आम्हाला 'दारउघडे' म्हणतात. माझं एक ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं. बरंच झालं मोडलं ते, पण तो विषय वेगळा.

बाबा ब्याऐंशी वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. पुस्तकाचं कळल्यापासून त्यांचा एकच धोशा, "मी गेल्यावर छापा म्हणावं. थोडं थांबा म्हणावं त्यांना."

"फादर, म्हाताऱ्या माणसाला असं छळताना काहीच कसं वाटत नाही हो तुम्हाला?" मी दारातूनच सुरुवात केली.

"आधी बसा," फादर म्हणाले. "ते खोटं आहे असं दाखवा, आत्ता खोडतो. पण मठाची किल्ली तुमच्या आजोबांकडेच असायची, हे तुमचे बाबाही नाकारत नाहीत."

वर त्यांनी काय सांगावं? आलाच आहात तर मठाचं पुढचं दार उघडून द्या. शेवटच्या सिस्टर जाऊन चाळीस वर्षं झाली होती, त्या बागेकडे युद्धानंतर काढलेल्या छोट्या दारानेच ये-जा करायच्या. आता लोकांना मठ दाखवायचा तर पुढूनच आत न्यायचं, असा फादरांचा हट्ट. किल्ली फिरते पण दार हलत नाही, म्हणे.

"वा! दारउघड्यांनाच सांगा!" म्हटलं, आणि पिशवी उचलून निघाले.

किल्ली छान फिरली. खिट्टी मागे सरकल्याचा आवाजही आला. पण दार ढिम्म.

"गंज असेल," फादर म्हणाले.

"गंज नाही. आतून कशाने तरी धरून ठेवलंय."

आम्ही बागेच्या बाजूने आत गेलो. कोळिष्टकं बाजूला केली, तर दाराच्या आतल्या अंगाला दुसरं कुलूप. मी बाहेर जाऊन पुन्हा हात फिरवून पाहिला. बाहेरून त्याला किल्लीचं भोकच नव्हतं. सगळं सलग लाकूड.

"फादर, हे फक्त आतून उघडतं. बाहेरच्या माणसाने काहीही केलं तरी नाही."

"नंतर बसवलं असेल."

"दोन्ही कुलपं एकाच लोखंडी पट्टीवर आहेत, खिळे एका हातचे. दाराइतकीच जुनी. आणि फोडलेलं नाही, एक ओरखडासुद्धा नाही. बघा ना स्वतः!"

फादर कपाळाला हात लावून तिथेच पायरीवर बसले. मठाच्या नियमांच्या जुन्या वहीत लिहिलेलं होतं म्हणे: बाहेरची किल्ली रखवालदाराकडे, आतली मठाच्या प्रमुख मदरकडे. एकट्याने कुणीही दार उघडायचं नाही.

"वाचलं होतं हो मी. लिहिताना डोक्यातच आलं नाही."

"वाचलंत आणि गिळलंत!" मी ओरडले, आणि मला हसूच फुटलं. हसता हसता रडू यायला लागलं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

बाबांना फादरांनीच सांगितलं. चूक माझी, मीच सांगणार, म्हणाले. "मदरनी आतली किल्ली फिरवल्याशिवाय दार उघडलंच नसतं. तसं लिहितो, दार मदरनी उघडलं."

बाबांनी मान हलवली. "नको. तिच्यावर घालू नका. आत वीस सिस्टर, बाहेर बंदुका. काय करणार होती ती?"

"अहो बाबा, सत्तर वर्षं आपण लोकांचं..."

"तू गप्प बस गं." बाबांनी मला हातानेच थांबवलं. "त्या माणसाला एका वाक्यात सांगता आलं असतं. तिचं नाव खराब होईल म्हणून नाही सांगितलं. आणि मी पोटचा पोर, मीसुद्धा त्यालाच चोर समजलो."

फादरांनी तिथेच ओळ बदलली. 'दोघांनी मिळून दार उघडले, आणि मठातल्या एकाही जिवाला धक्का लागला नाही.' बाबांनी ती दोनदा वाचून घेतली.

"मला त्याच्या कबरीपाशी ने."

"उद्या नेते. ऊन बघा किती आहे."

"आत्ता."

हट्टीपणा आमच्या घरात सगळ्यांच्याच अंगात. खुर्चीला एका बाजूने फादर, दुसऱ्या बाजूने मी, असं उचलून चर्चमागच्या दफनभूमीत नेलं. बाबा कसेबसे वाकले आणि दगडावर तळहात ठेवला.

"बाबा, मी आलोय," ते म्हणाले.

घरात आजोबांचा विषय निघाला की ते नेहमी 'तो माणूस' म्हणायचे. माझ्या बाबांनी कुणाला तरी बाबा अशी हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.