बॅलिष्टरांची साक्ष

परभणीला आमच्या ऑफिसात सकाळी जी माणसं यायची, त्यांच्यात धडधाकट माणूस क्वचितच असायचा. कुणाची बोटं जिनिंगच्या यंत्रात गेलेली, कुणाच्या पायावर कापसाची गठाण घसरलेली, कुणी चुडाव्याकडे ठेकेदाराची खडी फोडताना डोळा गमावलेला. बाकीचे वकील जमिनीचे, दत्तकाचे, वाटणीचे दावे घ्यायचे. ही माणसं मात्र आमच्याकडे यायची, कारण बॅरिस्टर बन्सीधरराव चारठाणकर त्यांना परत पाठवत नसत. गावातली माणसं त्यांना बॅलिष्टर म्हणायची. बाररूममधली मंडळी हसून 'हातापायाचे बॅलिष्टर' म्हणायची.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. ऑफिस मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत, पत्र्याच्या दोन खोल्यांत होतं. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी कागदावर हात टेकवला तर घामानं शाई पसरायची. बॅलिष्टर विलायतेला तीन वर्षं राहून आलेले, पण ऑफिसात धोतर नेसून बसायचे. कोर्टात जायच्या वेळी तेवढी शेरवानी आणि वर काळा गाऊन. पक्षकार आला की पहिला प्रश्न, "जेवून आलात का?" दुसरा, "रात्री झोप लागते का?" कागद त्यानंतर. मी एकदा घाईनं मधेच तारीख विचारली, तर म्हणाले, "चंद्रभान, आधी दुखणं ऐकत जा. कायदा कुठं पळून जात नाही."

ते दिवस आठवले की आजही मला बरं वाटतं. आम्ही फार दावे जिंकलो असं नाही. पण सकाळी ऑफिसला जायची ओढ असायची, तशी ओढ मला पुढं कधी वाटली नाही.

पारूबाई आली ती एकोणीसशे एकेचाळीसच्या उन्हाळ्यात, परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हा. पेडगावची, तिशीच्या आतली बाई. डावा हात कोपराच्या खाली नव्हता, तिथं पदराचं टोक गुंडाळलेलं होतं. सोबत नवरा होता, सुग्रीव. तो दाराशीच उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना.

संक्रांतीच्या आधी ती ज्वारीची राखण करताना माळ्यावरून पडली होती. हात मोडला. परभणीला डॉक्टर व्यंकटरावांनी लाकडी पट्ट्या लावून हात घट्ट बांधला आणि पंधरा दिवस सोडायचा नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बोटं सुजली, तिसऱ्या दिवशी काळीनिळी पडली. आठव्या दिवशी तिला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं हात काढावा लागला. तिथल्या सर्जननं लिहून दिलं होतं की दोनतीन दिवसांत पट्ट्या सैल केल्या असत्या तर हात वाचला असता.

"मग तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडं का नाही गेलात?" बॅलिष्टरांनी विचारलं.

पारूबाई ताडकन म्हणाली, "गेलते की! ह्ये गेलते. म्हनून तर आलो. डॉक्टर म्हनतो कुनी आलंच न्हाई. माझे भाऊ म्हनतात, दाजी मधीच कुठं तरी बसून परत आला अन् खोटं सांगायलाय. घरात पानी देत न्हाईत ह्यांना. मला हर्जाना नको सायेब. ह्ये गेलते, येवढं कोर्टानं लिहून द्यावं."

"कोर्ट नुसतं तेवढंच लिहून देत नाही, बाई. त्याला हर्जान्याचा दावा घालावा लागतो," बॅलिष्टर म्हणाले. मग त्यांनी सुग्रीवकडं पाहिलं. "काय झालं त्या दिवशी? सावकाश सांगा."

सुग्रीव खाली बघतच बोलू लागला. "करीचा दिवस व्हता, संक्रांतीच्या दुसऱ्या दिशीचा. दिस मावळायच्या आत पोचलो. फाटकातच कंपाउंडरनं अडवलं. ओसरीवर डॉक्टरसायेब बसले व्हते. समोर कुनीतरी पाठमोरं व्हतं, बुद्धिबळाचा डाव मांडलेला. मी वरडून सांगितलं, बाईची बोटं काळी पडल्यात. डॉक्टर म्हनले, बांधल्यावर दुखतंच, पंधरवड्यानं ये. मी पुन्यांदा वरडलो. तवा कंपाउंडरनं बाहेर ढकललं."

बॅलिष्टरांनी लेखणी खाली ठेवली. मला वाटलं त्यांना काही लागलं-बिगलं की काय.

"तो पाठमोरा माणूस मी होतो," ते म्हणाले.

सुग्रीवनं पहिल्यांदा मान वर केली. पारूबाई त्यांच्याकडं बघत राहिली, मग हळू आवाजात म्हणाली, "मंग तुमी ऐकलं असन."

"ऐकलं."

बाहेर मोंढ्यात हमालांचा आरडाओरडा चालू होता. बॅलिष्टर माझ्याकडं वळले. "वकालतनामा तुझ्या नावानं लिही. मला हा दावा चालवता येणार नाही. मी साक्षीदार आहे."

डॉक्टर व्यंकटराव आणि बॅलिष्टर हैदराबादला एका वसतिगृहात, एका खोलीत वाढलेले. 'बन्सी' आणि 'व्यंका' अशी हाक सगळ्या परभणीनं ऐकलेली. बॅलिष्टरांच्या बायकोला, नर्मदाबाईंना, टायफॉइड झाला तेव्हा डॉक्टर सतरा दिवस त्यांच्या घरी राहिले होते आणि त्या वाचल्या होत्या. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून त्याच संध्याकाळी ते मला सोबत घेऊन डॉक्टरांकडं निघाले तेव्हा मी दोन पावलं मागंच चालत राहिलो.

डॉक्टरांनी आम्हाला बघून चहा सांगितला. बॅलिष्टर बसले नाहीत.

"व्यंका, तो माणूस आला होता. करीच्या दिवशी."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "रोज पन्नास माणसं येतात, बन्सी. मला आठवत नाही."

"मला आठवतं. तू कबूल कर. मी त्यांना दावा घालू देत नाही, बसून मिटवू."

"आणि माझं नाव? मुद्दाम केलं का मी? अरे, अख्ख्या जिल्ह्यात हाडं बसवणारा मी एकटा. एका बाईचा हात गेला म्हणून उद्यापासून माझ्याकडं कुणी यायचं नाही." डॉक्टरांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "तू पाठमोरा होतास. तू काही बघितलं नाहीस. कुणी तुला विचारणारही नाही."

"मी स्वतःहून सांगणार आहे."

डॉक्टर एक पाऊल पुढं आले. "नर्मदावहिनींच्या वेळी मी तुला काय मागितलं होतं?"

"काहीच नाही," बॅलिष्टर म्हणाले. चहा यायच्या आत आम्ही बाहेर पडलो. घराच्या कोपऱ्यावर थांबून बॅलिष्टर एवढंच म्हणाले, "उद्या दाव्याचा मसुदा दाखव. उर्दू नीट लिही, तुझ्या नुक्त्यांचा नेहमी गोंधळ असतो."

दावा मुन्सिफ साहेबांपुढं उभा राहिला तेव्हा पावसाळा संपत आला होता. अदालतीचं सगळं काम उर्दूत चालायचं. पारूबाई तिच्या बोलीत सांगायची, पेशकार ते उर्दूत उतरवून घ्यायचा. "माझी बोटं वांग्यासारखी झालती" याचं त्यानं काय केलं कुणास ठाऊक, पण लिहिताना तोही थांबला. डॉक्टरांच्या वकिलानं सुग्रीवला उलटतपासणीत सोलून काढलं. दारू पितोस का? कधी कधी. त्या दिवशी प्यालास का? न्हाई. वाटेत कुठं थांबलास? न्हाई. पुरावा काय? सुग्रीवजवळ पुरावा नव्हता. मागच्या बाकावर पारूबाईचे दोघे भाऊ, आश्रुबा आणि लिंबाजी, हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की वकील म्हणतो तेच खरं. कंपाउंडरनंही शपथेवर सांगितलं, असा कुणी आला नव्हता.

मग मी बॅलिष्टरांचं नाव पुकारायला सांगितलं.

गाऊन काढून, नुसत्या शेरवानीत ते साक्षीदाराच्या कठड्यात जाऊन उभे राहिले. अदालत गच्च भरली होती. बाररूम रिकामी करून सगळे वकील आले होते. ज्या माणसानं मला प्रश्न विचारायला शिकवलं, त्याला प्रश्न विचारायला मी उठलो. पहिला प्रश्न मी चुकीचा विचारला. त्यांनी शांतपणे माझ्याकडं पाहिलं आणि उत्तर न देता थांबून राहिले. मी तो प्रश्न बदलला.

त्यांनी सगळं सांगितलं. दिवस, वेळ, सुग्रीवचे शब्द, डॉक्टरांचे शब्द.

डॉक्टरांचा वकील उठला. तो हुशार होता, त्यानं पहिला घाव बरोबर जागी घातला. "आपण बॅरिस्टर आहात. जखमी माणसांचे दावे चालवता. बाईची बोटं काळी पडल्यात हे आपण आपल्या कानांनी ऐकलंत. मग आपण काय केलंत?"

"काही नाही."

"काहीच नाही? का?"

बॅलिष्टरांनी कठड्याच्या लाकडावर दोन्ही हात ठेवले. "मी डाव जिंकायला आलो होतो. आणखी चार खेळ्या. तो माणूस लवकर जावा असं मला वाटलं. डॉक्टर बाईला बघायला उठले असते तर डाव मोडला असता. मी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही."

वकिलानं हातातले कागद खाली ठेवले. त्याला वाटलं होतं हे सबब सांगतील, आणि सबब सांगणाऱ्याला खोटं पाडता येतं.

तेवढ्यात डॉक्टर व्यंकटराव उठून उभे राहिले. वकिलानं बाही ओढली तरी ते बसले नाहीत. "मुन्सिफ साहेब," ते म्हणाले, "हे खरं आहे. तो माणूस आला होता. मला पहिल्या दिवसापासून आठवतंय." आणि ते बाकावर धपकन बसले, जसा एखादा म्हातारा बसतो. तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीसही नव्हतं.

मी मागं वळून पाहिलं. सुग्रीव भिंतीकडं तोंड करून रडत होता. पारूबाई रडत नव्हती. ती आपल्या भावांकडं बघत होती आणि भाऊ जमिनीकडं.

फैसला पारूबाईच्या बाजूनं लागला. त्याची नक्कल घेऊन मी स्वतः पेडगावला गेलो, कारण ती उर्दूत होती आणि गावात वाचणारं कुणी नव्हतं. मारुतीच्या पारावर पंधरावीस माणसं जमली. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. 'मुद्दई पारूबाई हिचा नवरा सुग्रीव हा त्या दिवशी डॉक्टरच्या घरी गेला होता, हे अदालतीस शाबीत झाले आहे,' या ओळीपाशी पारूबाई म्हणाली, "वकीलसायेब, ते पुन्यांदा वाचा." मी पुन्हा वाचलं. आश्रुबा उठला, सुग्रीवजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "दाजी, आमी चुकलो." सुग्रीवनं थोडं सरकून आश्रुबाला नीट जागा दिली.

डॉक्टर आणि बॅलिष्टर दीड-दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघंही थांबायचे, मान हलवायचे आणि पुढं जायचे. डॉक्टरांकडचे रोगी मात्र कमी झाले नाहीत. उलट लोक म्हणायचे, डॉक्टरनं भर अदालतीत कबूल केलं. त्यांनी कंपाउंडर बदलला आणि फाटकाचं दार काढून टाकलं.

मग त्रेचाळीसच्या हिवाळ्यात एके सकाळी डॉक्टर स्वतः आमच्या ऑफिसात आले. सोबत मुंजाजी नावाचा जिनिंगमधला एक मजूर होता, खांद्यापर्यंत बँडेज बांधलेला.

"बॅरिस्टरसाहेब," डॉक्टर म्हणाले, "यंत्राला जाळी नव्हती. मालक म्हणतो याचीच चूक. मी जखम तपासली आहे. दाखला मी लिहून देतो, साक्षही देईन."

"बसा, डॉक्टर," बॅलिष्टर म्हणाले. 'बन्सी' आणि 'व्यंका' त्यांच्यात पुन्हा कधी आलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक जखमी माणसाचा दाखला डॉक्टर व्यंकटरावांनी लिहिला. मालक लोकांनी दमदाटी केली, तरी लिहिला. ज्या दाव्यांत आम्ही पूर्वी हरायचो, त्यांतले कितीतरी दावे आम्ही त्यांच्या साक्षीवर जिंकलो. कठड्यात उभं राहिलं की ते आधीच सांगायचे, "माझ्या हातूनही एक चूक झाली आहे, ती अदालतीला माहीत आहे." समोरच्या वकिलाला मग विचारायला काही उरायचं नाही.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी, डिसेंबरात, बॅलिष्टर गेले. छातीचं दुखणं होतं. अदालत उर्दूतून मराठीत येणार, म्हणून ते शेवटच्या दिवसांत 'मुद्दई'ला 'वादी' म्हणायचं का, 'जिरह'ला 'उलटतपासणी' म्हणायचं का याची यादी करत बसायचे. निम्मे शब्द त्यांना पटले नव्हते.

तेराव्यानंतर डॉक्टर मला भेटायला ऑफिसात आले. दुपारभर बसले. वसतिगृहातल्या गोष्टी सांगत राहिले. बन्सी कसा पहाटे उठून मोठ्यानं पाठांतर करायचा आणि सगळी खोली कशी शिव्या द्यायची, सुट्टीत दोघं जिंतूरहून चारठाण्याला पायी कसे गेले आणि जुन्या देवळाच्या सावलीत कसे दिवसभर झोपले. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "चंद्रभान," ते म्हणाले, "त्या दिवशी घरी येऊन तो म्हणाला होता, मी स्वतःहून सांगणार. मला फार राग आला. पण खरं सांगू? त्याच्या आधी चार महिने मला धड झोप नव्हती. ती बाई रोज डोळ्यांपुढं यायची. त्याच्या साक्षीनंतर घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपलो." त्यांनी डोळे पुसले. "हे त्याला सांगायचं राहून गेलं."

दारात एक माणूस काठीच्या आधारानं येऊन उभा होता, पाय गुडघ्यापासून बांधलेला. डॉक्टर उठले, त्याला धरून आत आणलं, आणि मी कागद पुढं ओढण्याआधी त्याला विचारलं, "जेवून आलात का?"