‘थकू नकोस’ म्हणणारी गल्ली

मित्रांनो, मी एक जुना नानपर आहे. नान तंदूरमध्ये जाण्याआधी त्याच्या मधोमध दाबतात, तो ठसा. पर म्हणजे पीस. माझे पूर्वज कोंबडीच्या पिसांची जुडी बांधून केलेले असत. मी मात्र खिळ्यांचा. इस्तरवशन गावच्या लोहारगल्लीत उस्ताद कोबिल यांनी जर्दाळूच्या लाकडाची मूठ तासली आणि तिच्या बुडाला बारीक खिळ्यांची तीन वर्तुळं ठोकली. ते खरे सुऱ्या करणारे. मला त्यांनी फावल्या वेळात केलं. त्यांच्या सुऱ्या केव्हाच बोथट झाल्या, माझा एकही खिळा अजून हललेला नाही. मी थोडा बढाईखोर आहे आणि थोडा टोचराही. चालवून घ्या.

माझं काम लहान, पण माझ्यावाचून अडतं. नानच्या कडा फुगायला हव्यात आणि मधला भाग चपटा राहायला हवा. तुमच्याकडे पोळी टम्म फुगली की करणारीचं कौतुक होतं म्हणे. आमच्याकडे नान मधोमध फुगला की फजिती. फुगलेला नान तंदूरच्या भिंतीवरून सुटतो आणि खाली राखेत पडतो. ज्या गावात नान पालथासुद्धा ठेवत नाहीत, तिथे तो राखेत पडलेला कोणाला बघवेल?

तीस वर्षं मी ओयिमगुल आजींच्या हातात होतो. त्यांचा हात जड, तोंड त्याहून जड. मग मुलाचं लग्न झालं आणि आजींनी मला नव्या सुनेच्या हातात दिलं. तिचं नाव सवरिनिसो. “हा हरवलास तर परत माहेरी जा,” एवढंच आजी म्हणाल्या. सून हसली आणि तिने मला ॲप्रनच्या खिशात टाकलं. त्या दिवसापासून माझी जागा तीच.

काय दिवस होते ते! आजी मधोमध एक ठसा मारून मोकळ्या व्हायच्या. सवरिनिसो आधी एक मोठं फूल उमटवायची, मग मला तिरपं धरून कडेकडेने पाकळ्या काढायची, वर कांद्याचं पाणी आणि कलौंजी. दुसऱ्या गल्लीतल्या बायका नान बघूनच ओळखायच्या की हा कुणाच्या घरचा. शेजारची रोबिया तंदूरपाशी येऊन म्हणायची, “सवरी, तुझी फुलं बघून माझा नवरा विचारतो, आपल्या घरी वसंत कधी येणार?”

“त्याला म्हणावं, आधी दाढी कर. मग येईल,” सवरिनिसो म्हणायची आणि पुढचा नान भिंतीला थापायची.

मित्रांनो, ते सगळं कधी थांबलं हे मला नेमकं सांगता येणार नाही. कोणी मेलं नव्हतं. भांडण झालं नव्हतं. तिचा नवरा दिलोवर रशियात बांधकामावर होता, पण तो सहा वर्षांपासूनच तिकडे होता आणि दर रविवारी फोन करायचा. नंतर सगळ्यांनी कारण हुडकलं. सापडलं नाही.

आधी पाकळ्या गेल्या. एके दिवशी तिने मधोमध एकच ठसा मारला. मला वाटलं, घाईत असेल. मग महिनाभर एकच ठसा. मग तिच्या हातातलं वजन गेलं. हे फक्त मला कळलं, कारण तो हात माझ्याच मुठीवर असायचा. पूर्वी ती मला दाबायची. आता नुसती टेकवायची. माझे खिळे पिठाच्या तळापर्यंत पोहोचेनात. मी कितीही टोचरा असलो तरी स्वतःहून एक केसभरही खाली जाऊ शकत नाही. नान मधोमध फुगू लागले आणि सुटून राखेत पडू लागले.

गल्ली हसली. आधी प्रेमाने, मग तशी नाही.

ती उशिरा उठू लागली. केस विंचरायची नाही. चहा ओतून घ्यायची आणि तो तिच्यासमोर गार व्हायचा. जेवण खाली मान घालून, दोन घास. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि मी ॲप्रनच्या खिशात तिच्या पोटाशी. ती झोपलेली नसायची. तिला रडूही येत नव्हतं. मला तिची फार काळजी वाटायची, आणि मला काहीही करता येत नव्हतं. ज्याला हात नाहीत त्याने काळजी करून काय उपयोग?

ज्यांना हात होते ते आपापल्या परीने झटले. आजींनी इस्पंदच्या बिया जाळून घरभर धूर केला, नजर उतरावी म्हणून. सवरिनिसो खोकली आणि पुन्हा पडली. दिलोवर फोनवर म्हणाला, “जरा बाहेर पड, बाजारात जा, मन रमव.” ती “बरं” म्हणाली. रोबिया म्हणाली, “अगं, काम केलं की आपोआप हुरूप येतो. मला बघ, मला आजारी पडायलाही वेळ नाही.” आजी तर सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःशीच बोलायच्या, “आमच्या वेळी उदास व्हायला फुरसत नव्हती.” आणि सगळ्यांत वाईट बोलायची ती स्वतः. कोणी जवळ नसताना पुटपुटायची, “आळशी झालेय मी. मला काही झालेलं नाही, मी आळशी झालेय.” ती आळशी नव्हती, मित्रांनो. आळशी माणसाला पडून राहायला बरं वाटतं. हिला पडूनही बरं वाटत नव्हतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. इथे कोणी काम करत असेल तर येणारा-जाणारा त्याला म्हणतो, “मोंदा नबोशी.” म्हणजे, थकू नकोस. काम करणाऱ्याने उत्तर द्यायचं, “जिंदा बोशी.” जिवंत राहा. रीत छान आहे. पण बोलणारा ऐकत नाही आणि ऐकणारा बोलत नाही, नुसती तोंडं हलतात. सवरिनिसोला हे दिवसातून वीस जण म्हणायचे. ती वीसदा उत्तर द्यायची. मी खिशातून ऐकायचो आणि चिडायचो. अरे, तिच्या तोंडाकडे तरी बघा.

शरद ऋतूतली एक सकाळ. तंदूर पेटवून सवरिनिसो तिथेच बसून राहिली होती. आग विझून राख झाली. परातीतलं पीठ फुगून काठावरून खाली ओघळलं. ती बघत होती, पण उठत नव्हती. रोबिया आली आणि सवयीने म्हणाली, “मोंदा नबोशी, सवरी.”

“थकलेय,” सवरिनिसो म्हणाली.

रोबिया हसली. “अगं, असं नाही म्हणायचं. उत्तर विसरलीस की काय?”

“विसरले नाही. थकलेय. उठल्या उठल्या थकलेली असते. पूर्वी जे आवडायचं त्यातलं काहीच आवडत नाही.” तिने मला खिशातून काढलं आणि मांडीवर ठेवलं. “याचा कंटाळा आला असता तरी चाललं असतं. याच्याकडे बघून काहीच वाटत नाही. मुळीच काही नाही. लोकांना जिंदा बोशी म्हणते तेव्हा मनात येतं, जगायचं ओझं दुसऱ्यावर कशाला घालू?”

मला ते फार लागलं. पण तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच खरं ऐकत होतो. रोबिया तिच्याशेजारी बसली. दारात आजी उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता सुनेची खैर नाही. आजी पुढे आल्या. त्यांनी ओघळलेलं पीठ हाताने गोळा केलं, परात झाकली आणि डोक्याचा रुमाल बदलून आल्या. “चल, डॉक्टरकडे,” त्या म्हणाल्या. रोबियाही निघाली. उठताना सवरिनिसोने सवयीने मला पुन्हा खिशात टाकलं, आणि ॲप्रन उतरवायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

दवाखान्यात फरोगत नावाच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आमच्या पद्धतीने विचारलं, तब्येत कशी, घरचे बरे, काम बरं चाललंय? आणि सवरिनिसोने आमच्या पद्धतीने उत्तरं दिली. बरी आहे, बरे आहेत, बरं चाललंय, रहमत, आभारी आहे. मी खिशात कपाळ बडवून घेतलं असतं, कपाळ असतं तर.

डॉक्टरबाई “छान” म्हणून वहीत लिहू लागल्या. तेव्हा आजी पुढे सरकल्या.

“लिहू नका. ही रीतीने बोलतेय. मीही रीतीनेच ऐकत आले. हिला पुन्हा विचारा, आणि मला वेळ आहे.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. पुन्हा विचारलं. मग सवरिनिसो बोलली, तुटक तुटक, तासभर. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आळस नाही, आजार आहे. गोळ्या दिल्या, आणि त्या लागू पडायला आठवडे जातील हेही सांगितलं. जगणं नकोसं वाटलं तर त्याच घटकेला इथे यायचं, कोणालाही उठवून यायचं, असं आजींकडून वदवून घेतलं. शेवटी त्यांनी तिच्या खिशातला फुगवटा बघून विचारलं, “हे काय?” सवरिनिसोने मला टेबलावर ठेवलं. डॉक्टरबाईंनी माझ्या खिळ्यांवर बोट टेकवलं. “रोज एक ठसा,” त्या म्हणाल्या. “नान नको. तंदूर नको. पिठाच्या गोळ्यावर एक ठसा, आणि जाऊन पडायचं. तेवढंही नाही जमलं तर नाही जमलं.”

मित्रांनो, इथे मी बरी झाल्याची गोष्ट सांगायला हवी. पण मला खोटं उमटवता येत नाही. पहिल्या आठवड्यात दोन ठसे उमटले. दुसऱ्यात एकही नाही. तिसऱ्यात चार, त्यातले तीन वाकडे. आता थंडी पडली आहे. तंदूर पुन्हा आजी पेटवतात. त्यांच्या हातातला पूर्वीचा जोर गेलाय आणि त्यांचेही नान आता फुगतात. गल्लीत कोणी हसत नाही, कारण रोबियाने सगळ्यांना दम भरला आहे.

भाजून झालं की आजी सुनेच्या अंथरुणाशी जाऊन बसतात. ती भिंतीकडे तोंड करून असते, मी उशाशी असतो. आजी रीतीचे शब्द म्हणत नाहीत. विचारतात, “आज किती थकलीस?”

परवा ती म्हणाली, “कालच्याएवढी.” काल म्हणाली, “कालच्याएवढी.” आज म्हणाली, “कालपेक्षा जास्त.”

ती आता बरी होणार की नाही, मला माहीत नाही. मी एक ठसा आहे, माझ्या हातात काही नाही. पण तुमच्या हातात आहे, म्हणून एवढं मागतो. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कोणी असं गप्प झालं असेल, तर त्याला ठरलेल्या उत्तराचा प्रश्न विचारू नका. खरा विचारा, आणि उत्तर वाईट आलं तरी उठून जाऊ नका.

“जास्त?” आजी म्हणाल्या. “बरं.” आणि पाय दुमडून तिथेच बसून राहिल्या.