वाघीचं गार घर

मित्रांनो, मी एक जुनं मडकं हाय. काठाचा टवका उडालाय, आन् बूड वर, तोंड खाली करून मी माळावर बसलंय.

कडेगावच्या केरबा कुंभारानं मला घडवलं. माझ्यातलं पाणी लय गार. एकदा वैशाखात एक पावना आला, तांब्याभर पाणी प्याला आन् कांबळं मागाय लागला. केरबाचं गाढव प्यालं, तर ते आठ दिस शिंकत व्हतं. खोटं वाटलं तर गाढवाला इचारा. त्या गारव्याचा मला लय ताठा व्हता.

मला भामाबाईनं घेतलं. घरात ती एकटीच. बहात्तरच्या दुष्काळात ती ह्या माळावर खडी फोडाय जायची, तवा मला डोईवर न्यायची. एक दिस तिनं मोठा दगड उलथला, तर खाली बोटाएवढी पाल. अंगावर काळं-पिवळं पट्टं, शेपूट गुबगुबीत. शेजारच्या अर्जुनानं पहार उचलली.

"सरक मावशे. ही डसली तर माणूस पाणी मागत न्हाई."

"मागून तरी कुठं मिळतंय रं पाणी? ठिव ती पहार." भामाबाई खाली वाकली. "आरं, ही डोळं मिचकावती बघ. घरातल्या पालीला पापणी तरी आसती का?"

माझ्यातलं पाणी संपलंच व्हतं. तिनं त्या पालीला माझ्यात घातलं आन् नाव ठिवलं वाघी.

भामाबाई शिराळ्याची लेक. तिथं पंचमीला नाग धरून मडक्यात ठेवत्यात, दूध दावत्यात, हे तिनं ल्हानपणापास्नं बघितलेलं. तिनं तसंच केलं. माझ्या तोंडाला फडकं बांधलं, आत वाटीत दूध ठिवलं. दुष्काळात दूध ते किती? च्यापुरतं आणलेलं. ते वाघीला घालून ती सोता कोरा च्या प्यायची. फडकं रोज भिजवायची, वाघीला उन्हाची झळ लागू नये म्हणून.

वाघीनं दुधाला तोंड लावलं न्हाई. तिला तापलेला दगड पायजे व्हता, कोरडी माती, लपाय कपार, आन् खायला किडं. चुलीमागं रातकिडा वरडला की ती मान वर करायची. शेपटीतल्या चरबीवर तिनं दिस काढलं. ती शेपूट हळूहळू सुतळीवानी झाली.

मी बघत व्हतं. तोंड एवढं मोठं, पर बोलता येत न्हाई. गारवा आवराय बघितला, पर मडक्याला घाम आवरतोय व्हय? ज्या गुणाचा ताठा, त्योच तिच्या जिवावर उठला.

"खा गं बया," भामाबाई म्हणायची. "तुझ्यापायी मी कोरा पितीया."

मग एक दिस म्हातारा तात्याबा मेंढरं घिऊन दारावरनं चालला. भामाबाईनं त्याला हाक मारून फडकं सोडलं.

"आवं तात्याबा, ही दूध का पीत न्हाई?"

तात्याबानं आत बोट घातलं आन् लगीच काढलं. "आगं भामा, ही किडं खाती. दिसभर तापल्या दगडाखाली पडून आसती. हितं गारठलीया की. आदी कुनाला तरी इचारायचंस."

"जगंल का वो?"

तात्याबा मेंढरांकडं बघाय लागला.

भामाबाईनं वाघीला पदरात घेतलं आन् चुलीपाशी बसली. दिस मावळंस्तवर हालली न्हाई. वाघीनं एकदा डोळं मिचकावलं. मग मिटलं, ते उघडलंच न्हाईत.

दुसऱ्या दिशी तिनं वाघीला त्याच दगडापाशी पुरलं. मला तिथंच उपडं घातलं, आन् दगडानं माझ्या काठाचा टवका उडवला.

"तू बस हितं तापत," म्हणाली. "कोन आलं तर जागा दे."

पुढं पाऊस झाला, गावात दूधबी झालं. पर भामाबाई अजून कोराच च्या पिती, आसं तात्याबा मेंढरांना सांगत हितनं जातो.

मित्रांनो, भामाबाईची माया खोटी नव्हती. पर माया पोट भरत न्हाई. रानातला जीव रानातच ऱ्हाऊ द्या. आन् कुठला जीव घरात आणायचाच, तर त्यो काय खातो, त्याला ऊब लागती का गारवा, हे आदी जाणत्याला इचारा. मागनं इचारू नका.

आता मी लय तापतं. कवातरी पट्ट्याची एखादी पाल टवका उडाल्या फटीतनं आत येती, दिस काढती, आन् अंधार पडला की किडं धुंडाय जाती. मी तिला अडवत न्हाई. माझं तोंड आता कोन बांधत न्हाई.