बायकांच्या रांगेत

“अहो दादा, इकडे कुठे? हे बायकांचं आहे!”

मी नुसतं ‘जरा सरकता का’ म्हणाले, तशी स्टँडवरच्या संडासाच्या सफाईवाल्या मावशींनी दारात पोछा आडवा धरला. मागच्या रांगेतल्या बायका माना वाकवून बघायला लागल्या.

“दिसतंय मला,” मी म्हणाले. “बायकांचं आहे म्हणूनच आले.”

लांब वेणी, कानातले, इस्त्रीचे कपडे सगळं एकीकडे आणि हा घोगरा आवाज एकीकडे. तोंड उघडलं की सगळं मुसळ केरात.

मी शिलाई मशिनी दुरुस्त करते. गावोगावच्या कारखान्यांतून बोलावणं येतं, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस बसमध्येच जातात. आजवर प्रवासात पाण्याचा थेंब तोंडात घालत नव्हते. पुरुषांकडे गेले की शिट्ट्या, बायकांकडे गेले की आरडाओरडा. त्यापेक्षा कोरडा घसा बरा, असं म्हणत दिवस काढले. शेवटी मूतखड्यानं गाठलंच. डॉक्टर म्हणाले, आता तुंबवून धरलंत तर किडनी जाईल. आज निघताना ताईनं पाण्याची मोठी बाटली हातात कोंबली. “सगळी प्यायचीस. लोक गेले खड्ड्यात!” मी सगळी प्यायले होते. बस थोडाच वेळ थांबणार होती आणि ओटीपोटात कळ येत होती.

“तुम्हाला सोडलं तर मला बोलणी बसतात हो,” मावशी हळूच म्हणाल्या.

“तुम्हाला बोलणी बसतात, मला खडे होतात. बघा, कोणाचं जास्त दुखतं ते.”

मावशींना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. तेवढ्यात मागून माझ्या शेजारच्या सीटवरची बाई पुढे आली. सकाळपासून ती अंग चोरून बसली होती.

“लाज आहे की नाही काही? कंडक्टरला बोलावू का?”

“बोलवा. ड्रायव्हरलाही बोलवा. मी रांग सोडणार नाही.”

भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त राग आला होता. एवढ्याशा गोष्टीसाठी जन्मभर तहानलेलं राहायचं म्हणजे काय!

पोछा ओलांडून मी आत शिरले. एकच संडास चालू होता आणि त्याच्या दाराला कडी नव्हती. अशा वेळी बायका एकमेकींना ‘जरा दार धरता का’ म्हणतात. माझं कोण धरणार? एका हातानं दार ओढून धरलं आणि बसले. बाहेरून धडाधड थापा पडायला लागल्या. “आधी बाहेर निघा!” शेजारीणच होती. पूर्वी अशी थाप पडली की सगळं आटून जायचं. आज मी हवा तेवढा वेळ घेतला.

“झालं की येते!” मी आहे त्याच आवाजात ओरडले.

बाहेर आले तेव्हा बसचा हॉर्न वाजत होता. रांग पांगली होती, मावशीही दिसत नव्हत्या. शेजारीण तेवढी चुळबुळत उभी होती. कंडक्टरला बोलवायला ती गेलीच नव्हती. तिलाही घाईची लागली होती. तिनं कडी चाचपली, इकडेतिकडे पाहिलं.

“जा तुम्ही,” मी म्हणाले. “मी धरते दार.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हॉर्न पुन्हा वाजला, तशी ती निमूट आत गेली.

मी बाहेरून दार दाबून धरलं. आतून तिनंही ते ओढून धरलं होतं, भरवसा नव्हताच. कंडक्टर लांबून ओरडला, “ओ, चला! गाडी सुटली!”

“एक बाई आत आहे,” मी ओरडले, “आणि एक बाहेर. थांबवा गाडी!”