कुंपणाशेजारचा हापसा

मी एक जुना हापसा आहे. दांडा नाही, म्हणजे खरं तर नुसता लोखंडी खांब. तरी बोलतो, मित्रांनो, कारण जे पाणी मी वर आणलं, त्याबद्दल मला

थांबा. विमान जातंय.

हं. त्याबद्दल मला कुणीच विचारलं नाही.

मी ओतशाळेत जन्मलो. तापलेलं लोखंड साच्यात गेलं आणि मी बाहेर आलो. मग या गल्लीत खोल भोक पाडून त्यावर मला बसवलं. आधी गढूळ पाणी आलं, सगळ्यांचे चेहरे पडले. मग नितळ आलं. समोरच्या घरातल्या बाईने ओंजळभर पिऊन पाहिलं. "काय गोड आहे गं! खाली कुणी साखर सांडलीय की काय?"

ती बाई आता म्हातारी झाली आहे.

कुंपणापलीकडे विमानतळ. विमान उतरलं की माझे बोल्ट थरथरत. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसे. लोक वर बघून शिव्या देत. खाली कुणी बघितलं नाही.

म्हातारीचा मुलगा विमानतळावर आग विझवण्याच्या कामाला होता. गल्ली त्याला बंबदादा म्हणे. कुंपणालगतच्या मैदानात एक मोडकं विमान होतं. सरावासाठी ते पेटवायचं आणि त्यावर पांढरा फेस मारायचा. आग विझे. फेस तिथेच पडून राही आणि हळूहळू जमिनीत मुरे. घरी जाताना बंबदादा माझ्यापाशी थांबे, हात धुई, पोटभर पाणी पिई.

"काय दादा, दाढी अर्धी टाकून पळालात वाटतं?" त्याच्या गालावरचा फेस बघून शेजारीण विचारी.

"साबणच आहे हो. द्या तुमचं धुणं, विमानाबरोबर धुऊन आणतो."

त्याला खरंच तसं वाटत होतं.

एकदा पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. बाटल्या भरून घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी माझ्यावर लाल फुली मारली.

"अहो, पाणी काचेसारखं आहे की!" म्हातारी म्हणाली.

"रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणूनच कळलं नाही, आजी. विमानतळावरच्या फेसातलं रसायन उतरलंय यात."

"मग उकळून घेते."

"उकळून जात नाही ते."

बाई गेल्या आणि म्हातारीने माझ्याखाली कळशी लावली. बंबदादा पाना घेऊन बाहेर आला.

"आई, राहू दे ते."

"तू गप रे. सुनेचे दिवस भरत आलेत. टँकरचं पाणी कुठलं, कसलं, कोण सांगणार? तुला आगीतलं कळतं. पाण्यातलं मला कळतं."

"आई, तो फेस मी मारलाय."

दांडा वरच राहिला

थांबा.

वरच राहिला. तिने तो खाली आणला नाही.

"बाळाला काही होईल?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही?"

"त्या बाईंनाही नक्की सांगता येत नाही, आई."

म्हातारीने हात काढून घेतला. त्याने बोल्ट सोडवले. सून दारात उभी होती.

"आणि तुम्ही? तुम्ही तर रोज पीत होता."

दांडा खांद्यावर टाकून तो आत गेला.

आता तिकडे दुसरा फेस वापरतात म्हणे. जुना मात्र अजून खाली उतरतोच आहे. मित्रांनो, तुम्ही उद्या मोठी कामं कराल, मोठी यंत्रं चालवाल. जमिनीवर काही ओतलंत तर ते दिसेनासं झालं म्हणून संपलं, असं समजू नका. खाली कुणाचं तरी पाणी असतं. एवढीच विनंती.

सुनेला मुलगी झाली. धडधाकट दिसते. पुढचं कुणी सांगू शकत नाही. ती नुकतीच चालायला लागली आहे. काल धडपडत माझ्यापर्यंत आली आणि तिने माझ्या तोंडाला तोंड लावलं. म्हातारी ओरडतच धावली. तिने नातीला उचललं आणि तिचे ओठ पुसले.

मी कधीचा कोरडा आहे. तरी ती पुसतच राहिली.