पापुद्र्यावरची फुंकर

जळगावच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतला आमचा पॉलिमरचा पापुद्रा वाळताना हमखास तडके, म्हणून माझी संशोधक विद्यार्थिनी मृणाली हिने त्याच्या काचेच्या बशा थेट प्रेमराजभाऊंच्या केळी पिकवण्याच्या खोलीत नेऊन ठेवल्या, कारण तिथला गारवा आणि ओलावा हवा तसा राखता येतो. प्रेमराजभाऊ मूळचे पारोळ्याचे. ते हसले. "केळी पिकाडानी खोली शे ही, सर. तुम्ही ते आठे उजेड पिकाडी राह्यनात."

खोटं नव्हतं, आम्ही तिथे उजेडच पिकवत होतो. त्या पापुद्र्यात रंग असा घातलेलाच नव्हता. पॉलिमरचे अतिसूक्ष्म मणी थरावर थर इतक्या शिस्तीत बसले होते, की त्यांच्यावरून परतणारा उजेडच हिरवा दिसे. फुंकर मारली की श्वासातल्या ओलाव्याने थर फुगत, तिथे लाल ठिपका उमटे आणि लगेच विरून जाई.

बशी बाहेर काढली की पहिली फुंकर मी मारायची, असा आमचा रिवाज. मी मारली. लाल ठिपका उमटला, आणि त्याच्या किंचित खाली आणखी एक, लहानसा.

"सर, दोन तोंडांनी फुंकता की काय?" मृणाली हसली. पण परवा परीक्षकांसमोर असं झालं तर तिची पीएचडी अडकणार होती. तिने स्वतः फुंकून पाहिलं, प्रेमराजभाऊंनाही फुंकायला लावलं. एकेकच ठिपका. दुसरा फक्त माझ्या फुंकरीला येई.

"मग परवा तुम्ही तोंड मिटून बसा, सर," मृणाली म्हणाली.

मी बसलो. परीक्षक खूश झाले, आम्ही तिघांनी घाम पुसत शेवभाजी खाल्ली, आणि मृणालीने तो पापुद्रा मलाच भेट दिला. मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीला लावला. तिथेच उभी राहून माझी बायको चारुलता माझ्या चहाच्या बशीत फुंकर घालायची. उंचीने ती माझ्या खांद्याला लागे. तिला जाऊन हा दुसरा उन्हाळा.

रोज सकाळी दोन ठिपके उमटू लागले. मी शीळ घालत चहा करू लागलो.

आज फुंकर मारली, तर खालचाच ठिपका उमटला; वरचा, माझा, नाही. जोर कमी पडला असेल, म्हणून छाती भरून पुन्हा मारली. पुन्हा खालचाच.

पापुद्रा जुना झाला असेल. मी चहा बशीत ओतला, बशी ओठांशी नेली आणि फुंकर मारली. चहा हलला नाही.

मग हलला, पलीकडच्या काठाकडून माझ्याकडे.