अर्धी मेंढी

दारात मेंढी येऊन उभी राहिली. डावीकडून गुळगुळीत आणि उजवीकडे मांडीपर्यंत लोंबणारी लोकर. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या कात्रीवाल्याच्या बायकोने कपाळावर हात मारला. नवरा परत ओढ्याकडे पळाला होता, हे सांगायला दुसरं कुणी लागत नव्हतं.

त्याच्या क्षयाच्या गोळ्यांचा तिसरा महिना चालला होता. खोकला गेला, अंगात बळ आलं, पण पोटाने बंड पुकारलं. सकाळी गोळ्या घेतल्या की दुपारपर्यंत टमरेल घेऊन पाच-सहा फेऱ्या ठरलेल्या. तेवढ्यात हातातली मेंढी पसार. गावात अर्धी मेंढी दिसली की लोक म्हणायचे, "चला, कात्रीवाल्यानं औषध घेतलं!"

मेंढी हाकत ती मेंढवाड्यावर गेली, तर मेंढपाळ म्हातारा भडकलेला. "वहिनी, माझी मेंढरं आहेत, तमाशा नाही. उद्या असंच झालं तर दुसरा कात्रीवाला बोलावतो."

नवरा खाली मान घालून कात्रीला धार लावत बसला.

दुसऱ्या दिवशी ती जेवण घेऊन गेली, तर म्हातारा खूश. "वहिनी, तुमचा धनी आज वाघ आहे वाघ! सकाळपासून वीस मेंढ्या, जागचा हलला नाही!"

तिने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "एकही अर्धी नाही?"

"औषधाला नाही!"

तिने डबा खाली आदळला आणि नवऱ्याच्या बुडाखालचं लोकरीचं पोतं ओढलं. आत हात घालून चाचपलं, तर लोकरीत गुंडाळलेल्या तीन गोळ्या हाताला लागल्या. सकाळी तिच्यासमोर त्याने त्या तोंडात टाकल्या होत्या.

"अगं, हंगाम तेवढा जाऊ दे," तो पुटपुटला. "चार दिवसांनी परत सुरू करतो."

"थोरले भावजीही असंच म्हणाले होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली."

  म्हाताऱ्यानेच कात्रीवाल्याच्या हातातली कात्री काढून घेतली आणि त्याला दवाखान्याकडे चालवलं.

दवाखान्यात नर्सबाईंनी त्याला फैलावर घेतलं. "पोट बिघडलंय हे मला सांगायचं, का मेंढ्यांना?" डॉक्टरांनी तपासलं, पोटासाठी वेगळं औषध दिलं, गोळ्या चार घास खाऊन घ्यायला सांगितल्या आणि एकही दिवस चुकवायचा नाही म्हणून बजावलं. बाहेर येताच बायकोने म्हाताऱ्याला गाठलं. "आणि काका, मेंढ्या पळतात तर तुमच्याकडे दोरी नाही का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गोळ्या गिळल्या. तिने जीभ वर करून दाखवायला लावली, गालांत बोट फिरवलं, तेव्हा कुठे सोडलं.

दुपार होत आली तरी रस्ता मोकळाच. ती चारदा उंबऱ्यापर्यंत येऊन गेली. औषध लागू पडलं, का गडी पुन्हा फसवतोय?

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक मेंढी आली. गळ्यात कुरतडलेली दोरी आणि एका अंगाला लोकर. त्या दिवसातली ती पहिली आणि शेवटची.

बायकोने डोळे पुसले आणि तिच्यापुढे घमेलंभर चारा ओतला.